वरचं पान

लेट्यूसचं आता पिंपरी-चिंचवडच्या सांगवीत कुणाला नवल राहिलेलं नाही. नव्या सांगवीतल्या एसीच्या दुकानांत ते प्लॅस्टिकच्या डब्यात मिळतं, कृष्णा चौकाच्या बाजूच्या सँडविचमध्येही एखादं पान पावातून डोकावतं. जुन्या सांगवीच्या गाड्यांवर मात्र अजून राज्य कोबीचंच. प्रश्न दोघांच्या बाबतीत एकच : वरची पानं खायची की टाकायची? आमच्या सोसायटीत यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष दोन-तीन पानं न बघता ओरबाडतो आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकतो. दुसऱ्या पक्षाला ही अन्नाची नासाडी वाटते. मी दोन्हीकडे जेवतो, म्हणून ही टिपणं.

*

आधी गड्डा म्हणजे काय ते. कोबी काय किंवा आइसबर्ग लेट्यूस काय, गड्डा ही पानांची एक भलीमोठी कळीच. खुंटाच्या टोकाशी नवं पान फुटतं, ते आधीच्या पानांच्या आतच अडकतं, त्याच्या आत पुढचं. म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान वयानं सगळ्यात थोर. ऊन त्यानं सगळ्यात जास्त खाल्लं. धूळ, पाऊस, अळ्या आणि फवारेही त्यानंच अंगावर घेतले. आतल्या पानानं उजेड पाहिलेला नसतो, म्हणून ते पांढरं. वरच्या पानाचे गुण आणि अवगुण, दोन्हींचं मूळ एकच : ते बाहेर होतं.

*

गुण आधी. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम रोमेन लेट्यूसमध्ये ‘अ’ जीवनसत्त्व 436 मायक्रोग्रॅम दिलंय, आइसबर्गमध्ये 25. ‘के’ जीवनसत्त्व रोमेनमध्ये शंभराच्या थोडं वर, आइसबर्गमध्ये 24 च्या आसपास. जाती वेगळ्या आहेत हे खरं, पण रोमेनची पानं उजेडाला मोकळी असतात आणि आइसबर्गची मिटलेली, हाही फरक आहेच. एकाच गड्ड्यात बाहेरून आत जाताना हिरवा रंग उतरत जातो, आणि त्याच्याबरोबर कॅरोटीनही. आइसबर्गचा गाभा म्हणजे जवळजवळ 96 टक्के पाणी. कुरकुरीत, गार, निरुपद्रवी. वरची पानं काढून तेवढाच खाणाऱ्याला लेट्यूसचा आवाज मिळतो, बाकी बेताचंच.

*

फ्लॉवरच्या बाबतीत तर आपण उलटाच व्यवहार करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात फ्लॉवरच्या गड्ड्यात 100 ग्रॅममागे कॅल्शियम 33 मिलिग्रॅम आहे आणि त्याच्या पाल्यात 626. गड्डा पिशवीत जातो, पाला गाडीखाली. वर आपण कॅल्शियमच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये जातो.

मुळ्याचा पाला टाकणारी बाई मराठी घरात मूर्ख ठरते. नवलकोलचा पाला बऱ्याच घरांत भाजीत पडतो. फ्लॉवरच्या पाल्याला तेवढा मान का मिळाला नाही, कोण जाणे. डाळ घालून परतला तर चांगला लागतो. देठ मात्र बारीक चिरायचे आणि झाकण ठेवून वाफ द्यायची.

*

कॅल्शियम वरच्याच पानांत का साठतं, याचं कारण साधं आहे. मुळांनी उचललेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी जिथून उडतं तिकडे ते जातं. बाहेरच्या पानांतून बाष्प भराभर उडतं, म्हणून कॅल्शियमही तिकडेच. गड्ड्याच्या आत हवा कोंडलेली, बाष्प उडत नाही, आणि कॅल्शियम आत पोचता पोचत नाही. एकदा पानात बसलेलं कॅल्शियम झाड तिथून उचलून दुसरीकडे नेऊही शकत नाही.

म्हणून कधी कधी बाहेरून देखणा गड्डा चिरावा तर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या निघतात. ती कीड नव्हे, कुजही नव्हे. वाढ फार जोरात झाली आणि कॅल्शियम मागे पडलं. तेवढी कड कापली की बाकीचं पान बिनघोर खावं. वरचं पान वाईट आणि आतलं शुद्ध, असं धरून चालणाऱ्यांनी असा एखादा गड्डा जरूर चिरून बघावा.

*

“मावशी, पाला काढून वजन करा.” भाजीच्या गाडीपुढे हे वाक्य दिवसातून कितीदा म्हटलं जात असेल! पोषण वगैरे सगळं ठीक, पण गाडीपाशी पाला म्हणजे वजन आणि वजन म्हणजे पैसे.

मावशी गड्डा उलटा धरतात, सुरीनं खुंटाची एक चकती उडवतात, आणि बाहेरची पानं आपोआप सुटून गोणपाटावर पसरतात. मग अंगठ्यानं गड्डा दाबून बघतात. घट्ट लागला तर काट्यावर, पोकळ लागला तर मागे. “काढते की पाला,” त्या म्हणतात, “पण मग आजच चिरा. उद्यापर्यंत ठेवाल तर वरून सुकल.” त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शेतकरी दोन-चार पानं मुद्दाम ठेवतो, कारण टेम्पोत गड्ड्यावर गड्डा आपटतो तेव्हा मार तीच पानं खातात. मंडईत, गाडीवर, उन्हात, सगळीकडे गड्ड्याचं अंग तीच झाकतात. तो गड्ड्याचा बारदाना आहे, फक्त खाता येण्यासारखा.

गोणपाटावर पडलेला पाला मावशी वेगळ्या टोपलीत भरतात. तो कुठे जातो ते पुढे.

*

भाजी ताजी दिसावी म्हणून गाडीवर पाणी शिंपडतात. बादली गाडीखाली, शिंपडायला कधी मग्गा, कधी झाकणाला भोकं पाडलेली बाटली. ते पाणी कुठल्या नळाचं, बादली शेवटची कधी घासली, हे कुणी विचारत नाही. शेतातली माती एक वेळ परवडली, पण विक्रीच्या शेवटच्या दहा तासांत भाजीवर जे काही बसतं ते सगळं वरच्याच पानावर बसतं. वरचं पान टाकण्याचं मला पटणारं पहिलं कारण हे. फवारणीचा नंबर त्यानंतर.

*

आता फवारणी. कोबीचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग. त्याची हिरवी, बोटभरही नसलेली अळी पानांची चाळण करते. कीटकनाशकांना दाद न देण्यात ही जात जगभर बदनाम आहे. एक औषध लागू पडेनासं झालं की शेतकरी दुसरं आणतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं त्यावर साधा तोडगा सुचवला : कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायच्या. पतंग अंडी घालायला मोहरीकडे वळतो, मग औषध तेवढ्या मोहरीवर मारायचं. मुळात कमीच फवारलं तर पुढे ग्राहकाला पानं ओरबाडायची गरज उरत नाही. इलाज शेतात आहे, आपण तो ओट्यावर शोधतो.

*

कोबीच्या पानावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो पसरत नाही. मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. पानावर मेणाचा थर असतो, त्याची ही करामत. फवारणीचं पाणीही असंच घरंगळून जाईल, म्हणून शेतकरी त्यात स्टिकर मिसळतात. औषध पानाला धरून राहावं यासाठीच ते असतं. तेव्हा नळाखाली गड्डा एकदा फिरवला आणि झालं, या समजुतीत अर्थ नाही. पाणीसुद्धा घरंगळूनच जातं.

*

औषधांचे ढोबळ दोन प्रकार. स्पर्शजन्य औषध पानाच्या पृष्ठभागावर राहतं. गड्डा मिटल्यानंतर मारलेलं असलं तर ते बाहेरच्या पानांवरच सापडणार. तिथे वरची दोन पानं काढण्याचा सरळ फायदा आहे. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरतं. तिथे तुम्ही दोन पानं काढा नाहीतर चार, धुवा नाहीतर घासा, उपयोग थोडाच. तिथे उपाय एकच : फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये लेबलवर लिहिलेले दिवस जाऊ देणं. आणि ते शेतकऱ्याच्या हातात असतं. बाजार चढा असेल तर दिवस मोजायचा मोह त्यालाही आवरावा लागतो.

मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरचा वापर सरकारनं 2005 मध्येच बंद केला. कापसासाठी घेतलेली बाटली कोबीच्या वाफ्यात रिती होते की नाही, हे मात्र वरच्या पानाकडे बघून कळत नाही.

*

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. आपण खाणारे, आपल्याकडे टाकून द्यायला एक वरचं पान तरी आहे. फवारणाऱ्याकडे तेही नाही.

*

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, घरच्या स्वयंपाकासाठी जे नियम सांगतं त्यात लेट्यूस आणि कोबीचं सगळ्यात बाहेरचं पान काढून टाका, हे स्पष्ट लिहिलंय. भाजी साबणानं धुऊ नका, हेही लिहिलंय. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीत लोकांनी भेंड्या भांडी घासायच्या साबणात बुचकळल्या होत्या. तेव्हा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला, म्हणजे एफएसएसएआयलाही सांगावं लागलं की साबण आणि जंतुनाशकं भाजीला लावू नका. पिण्याचं पाणी वापरा, हवं तर 50 पीपीएम क्लोरीन.

*

खायचा सोडा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये सफरचंदांवर प्रयोग केला. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम सोडा, त्यात बारा ते पंधरा मिनिटं सफरचंद. पृष्ठभागावरची दोन कीडनाशकं निघून गेली. सालीच्या आत मुरलेला अंश राहिला. यात कोबीवर काही सिद्ध झालेलं नाही, पण साध्या पाण्यापेक्षा सोडा बरा म्हणायला हरकत नाही. मीठ-हळदीचं पाणी अळ्या बाहेर काढायला चांगलं, औषध उतरवायला नव्हे. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी साहेबाच्या काळापासून चालत आलंय. आग्र्यात काम करणाऱ्या हँकिन नावाच्या शास्त्रज्ञानं पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकायचा आग्रह धरला होता. पाण्यासाठी ते ठीक होतं. कोशिंबिरीला जांभळी झाक येईल इतकं कुणी वापरू नये.

*

पालेभाजी धुण्याची खरी रीत मेथी निवडणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असते. मोठं पातेलं, भरपूर पाणी, भाजी सुटी करून बुडवायची, हलवायची, आणि मग भाजी हातानं वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत उपडं करायचं नाही. केलं तर तळाला बसलेली रेती पुन्हा भाजीच्याच डोक्यावर. पाण्यात रेती दिसेनाशी होईपर्यंत हेच. लेट्यूसही अगदी असंच धुवावं : आधी खुंट कापून पानं सुटी, मग पाणी. अख्खा गड्डा नळाखाली धरण्यात काही राम नाही. लेट्यूसचा खुंट कापला की पांढरा चीक येतो. तो कडू असतो, विषारी नव्हे. उन्हाळ्यात झाड तुऱ्यावर आलं की हाच कडूपणा वरच्या पानांत वाढतो. एप्रिलमधल्या लेट्यूसची वरची पानं काही मंडळी टाकतात ती निव्वळ चवीपायी, आणि ते मला पटतं.

*

हे सगळं लिहायला सोपं. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर 2019 पासून पाणी एक दिवसाआड येतं. पवनेचं पाणी रावेतला उचलायचं, शुद्ध करायचं, आणि शहर वाढतच चाललेलं. पाण्याच्या दिवशी मेथी तीन पाण्यांत निघते. बिनपाण्याच्या दिवशी दोन पानं ओरबाडून टाकणं स्वस्त पडतं. आमच्याकडच्या वरच्या पानांचा हिशेब पाण्याच्या वेळापत्रकाशी असा जोडलेला आहे.

*

सांगवीला दोन नद्या. एका अंगानं पवना, दुसऱ्या अंगानं मुळा, आणि दापोडीच्या बाजूला दोघींचा संगम. हिवाळा सरला की पवनेवर जलपर्णीचं हिरवंगार आच्छादन पसरतं आणि संध्याकाळी डासांमुळे खिडक्या लागतात. जलपर्णी इतकी माजते ती पाण्यात मैल्याचं खत असतं म्हणून. शहरात मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत, सांगवीतही आहे. तरी नदीचा रंग आणि वास आपल्याला माहीत आहे. अशा पाण्यावर नदीकाठी कुठेही पिकवलेली पालेभाजी दिसायला टवटवीत असते. नायट्रोजन मुबलक, मग टवटवी का नसणार? तिच्या वरच्या पानाचं पोषण मोजत बसण्यात अर्थ नाही.

*

“कोबीतला किडा मेंदूत जातो.” ही भीती घरोघरी आहे, आणि तिच्यापायी कितीतरी घरांत कोबी यायचा बंद झाला. यातलं खरं काय ते नीट लिहून ठेवतो.

कोबीत दिसते ती हिरवी अळी पोटात गेली तर पचते. मेंदूत जातो तो पट्टकृमी, टीनिया सोलियम, आणि त्याची अंडी डोळ्याला दिसतच नाहीत. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. उघड्यावरचा मैला शेतात किंवा पाण्यात मिसळला की भाजीवर चढतात. कच्चं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठी होतात त्या अंडी पोटात गेल्यानं. म्हणून शाकाहारी माणसालाही हा आजार होतो, आणि भारतात फिट येण्याच्या मोठ्या कारणांपैकी तो एक आहे. न्यूयॉर्कमध्ये, डुकराला शिवतही नाहीत अशा सनातनी ज्यू घरांत हा आजार निघाला तेव्हा डॉक्टर चक्रावले होते. 1992 मध्ये त्याची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली : बोट होतं ते आजाराचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून आलेल्या, घरकाम करणाऱ्यांच्या आतड्यातल्या कृमीकडे. भाजीचा तिथे संबंधही नव्हता. हात धुण्याचा होता.

क्लोरीनला ही अंडी फारशी जुमानत नाहीत. उष्णतेनं मरतात. म्हणजे शिजवलेल्या कोबीला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं असेल तर न धुतलेल्या पचडीला.

*

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेवर गेला. काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित पाणी आणि कच्चं-अर्धकच्चं अन्न ही त्याची नेहमीची वाट. तेव्हा इकडे सांगवी-पिंपळे गुरवलाही लोक पाणी उकळून पिऊ लागले. आणि त्याच घरांत काकडी, कोथिंबीर, लेट्यूस मात्र थेट नळाखाली धुतलं जात होतं. प्यायचं पाणी वेगळं आणि कच्ची भाजी धुवायचं पाणी वेगळं, असा भेद जंतू पाळत नाहीत.

*

वरची पानं काढून भागत नाही याचे दोन दाखले.

2018 च्या वसंतात अमेरिकेत ॲरिझोनातल्या युमा भागातलं रोमेन लेट्यूस खाऊन 210 लोक ई-कोलायनं आजारी पडले, 5 दगावले. त्याच नोव्हेंबरात पुन्हा साथ आली तेव्हा तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर सांगितलं : कुठलंच रोमेन खाऊ नका, घरात असेल तर टाकून द्या. वरची पानं नव्हे, अख्खा गड्डा. तोवर पिशवीवर ‘तीनदा धुतलेलं’ हे वाचून निश्चिंत असलेली तिकडची मराठी घरंही त्यातून सुटली नसणार. युमाच्या तपासात तोच जंतू कालव्याच्या पाण्यात सापडला होता.

दुसरा दाखला आपल्या घरातला वाटावा असा. 2011 मध्ये जर्मनीत ई-कोलायच्या साथीत पन्नासच्या वर माणसं गेली. संशय आधी स्पेनच्या काकडीवर गेला, शेवटी माग लागला तो मोड आणलेल्या मेथ्यांचा. मोडाला कुठलं आलंय वरचं पान?

*

आपल्याकडे कच्चा पाला फारसा खात नाहीत, हे सगळीकडे खरं नाही. खानदेश-मराठवाड्यात मेथीचा घोळाणा आहे : कोवळी मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, कच्चं तेल. भाकरीबरोबर कांद्याची पात आणि मुळ्याची कोवळी पानं आहेत. पण ही मेथी बहुतेक वेळा घरच्या वाफ्यातली किंवा गावच्या आठवडे बाजारातली असे. विहीर कुणाची ते ठाऊक असे. सांगवीच्या पाचव्या मजल्यावर घोळाणा करताना रेसिपी तीच असते, विहीर मात्र बदललेली असते.

*

इथून तळेगाव जवळच. मॅक्डोनल्ड्सनं 1996 मध्ये भारतात पाय ठेवला तेव्हा बर्गरमधल्या आइसबर्गसाठी त्यांनी ज्यांना धरलं, त्यांत तळेगावची त्रिकाया ॲग्रिकल्चर होती. आधी हे पीक फक्त थंडीत निघायचं. ठिबक, तुषार सिंचन, खास रोपवाटिका, काढल्या काढल्या थंड करायची खोली आणि थंड गाड्या असा सगळा सरंजाम उभा राहिल्यावर बारा महिने निघू लागलं. मावळातल्या भाताच्या शेजारी आइसबर्ग! त्या साखळीत वरच्या पानाचा प्रश्न ग्राहकापर्यंत येऊच देत नाहीत.

तिकडे ऑस्ट्रेलियात 2022 मध्ये पुरानं लेट्यूसचं पीक गेलं, तेव्हा केएफसीनं बर्गरमध्ये लेट्यूसबरोबर कोबी मिसळला. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या. आपल्या चौकातला सँडविचवाला हेच कधीपासून करतोय, कुणी हूं की चूं करत नाही.

*

चाकण-भोसरीच्या कँटीनमध्ये आणि सांगवीतल्या पोरांच्या मेसमध्ये कोबी-बटाटा हा आठवड्याचा ठरलेला पाहुणा. तिथे पाला टाकत नाहीत, बारीक चिरून घालतात. ठीकच आहे, तो उकळत्या तेलातून आणि वाफेतून जातो. मंच्युरियनच्या गाडीवरही वरची हिरवी पानंच जास्त कामाला येतात. तळणीतून निघाल्यावर त्यांचे गुण आणि अवगुण दोन्ही संपलेले असतात. पण त्याच गाडीवर वरून भुरभुरलेला कच्चा कोबी कुठल्या पाण्यात धुतला, हे बघून मग प्लेट घ्यावी.

*

मावशींच्या टोपलीतला पाला. काही गोठ्यात जातो, काही बकऱ्यांना, उरलेला घंटागाडीत. कोबीचा पाला गुरांना बेतानं द्यायचा असतो, जास्त झाला तर पोट फुगतं, हे गोठेवाल्यांना ठाऊक आहे. मला दुसरंच खटकतं. फवारलेलं म्हणून जे पान आपण खात नाही ते गाईला घालायचं, आणि सकाळी तिचंच दूध लेकराला द्यायचं, याला काय म्हणावं? जे पान सोडा घातलेल्या पाण्यातून काढूनही आपल्याला खाववत नाही, ते निदान धुऊन तरी गोठ्यात द्यावं.

*

इकडच्या गाड्यांवरची बरीच भाजी येते मोशीच्या उपबाजारातून. शहराचा कचरा जातो मोशीच्याच डेपोत. 2023 पासून तिथे कचऱ्यापासून वीज करायचा 14 मेगावॅटचा प्रकल्पही सुरू झाला. म्हणजे कोबीचं वरचं पान पहाटे मोशीहून निघतं, गाडीवर दिवसभर गड्ड्याला सांभाळतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोशीला पोचतं. ओलं पान जाळून वीज काही होत नाही. ते सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात गेलं तर फेरा तरी वाचेल.

*

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या अध्यायात, कुठली पालेभाजी टाळावी याची यादी आहे : राठ झालेली, जून, किडीनं खाल्लेली, अवेळी उगवलेली, आणि नको त्या जागी वाढलेली. यातल्या राठ, जून आणि किडक्या या तीन कसोट्या पान बघून कळतात; त्या आपण अजून पाळतो. अवेळी आणि नको त्या जागी, या दोन पान बघून कळत नाहीत. त्या आपण सोडून दिल्या. वरचं पान टाकायचं की ठेवायचं यावर वाद घालणारे आमचे दोन्ही पक्ष पहिल्या तीन कसोट्यांवरच भांडतायत.

*

युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षाचा माग बागेपर्यंत लागतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून तिकडे माल अडकला, त्यानंतर तपासण्या आणखी कडक झाल्या. त्यावर देखरेख करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्या मांजरीलाच, द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. इतकी यंत्रणा पुण्यात असताना, सांगवीच्या गाडीवरचा कोबी मात्र मावशींच्या शब्दावर घ्यायचा. परदेशी गिऱ्हाइकाला प्रमाणपत्र आणि आपल्याला सल्ला : दोन पानं काढून टाका.

*

घरासाठी ठरवलेलं, फ्रिजवर चिकटवायला :

शिजवायचा असेल तर फाटकं, पिवळं, मळकं पान तेवढं काढायचं. बाकी हिरवी पानं सुटी धुऊन भाजीत.

कच्चं खायचं असेल तर बाहेरची दोन पानं बाजूला, उरलेली सुटी करून पिण्याच्या पाण्यात; बाजूला काढलेली टाकायची नाहीत, धुऊन आमटीत किंवा थालीपिठात.

घरात बाळंतीण, तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कुणी असेल तर कच्चं पान नकोच.

अर्धा गड्डा फ्रिजमध्ये ठेवताना त्याचंच एक मोठं पान वरून गुंडाळायचं. प्लॅस्टिकपेक्षा चांगलं काम करतं.

*

हापूस घेताना आपण देवगडचा का रत्नागिरीचा ते विचारतो. अंजीर सासवडचं, टोमॅटो नारायणगावचा, कांदा चाकणचा, वांगी कृष्णाकाठची. यातली वांगी शिजवूनच खायची आणि कांदा सोलूनच. तरी त्यांचं गाव आपल्याला हवं असतं. जे पान न सोलता, न शिजवता खायचं त्याचं गाव मात्र कुणी विचारत नाही. तेव्हा “पाला काढून वजन करा” म्हणण्याआधी “कुठला?” एवढं विचारायला लागू या. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर मावशी मोशीत विचारतील, मोशीतला व्यापारी टेम्पोवाल्याला विचारेल. आणि उत्तर “मंडईतला” एवढंच आलं, तर गड्डा घ्यावा, पचडीचा बेत रद्द करावा आणि चांगली मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, झाकण ठेवून शिजवावा.